सहा मीटरच्या आत

मुखरूने चपला काढून हातात घेतल्या आणि क्रीडा संकुलाची पहिली पायरी चढला. मागून इंदुताई हळूच म्हणाल्या,

"भाऊ, चपला घाला. इथे चालतात."

"राहू द्या ना बाई. फरशी चांगली हाय."

इंदुताई सिंदेवाहीच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मुखरूच्या रीताला पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच मैदानावर उभं केलं होतं. आता रीता नागपूरला रेल्वेत होती. खेळावरच नोकरी लागलेली, हँडबॉल संघाची गोलकीपर. खेळायला ती देशभर फिरायची. सणाला घरी यायची, दोन दिवस राहायची, धानाच्या कामाला हात लावायची आणि जायची. खेळाबद्दल ती फारसं बोलत नसे आणि मुखरू विचारत नसे. जन्म तळ्यावर मासे धरण्यात गेलेला. नेमकं काय विचारायचं हेच त्याला कळत नव्हतं.

या दिवाळीला ती आली तेव्हा तिच्या हनुवटीवर टाके होते आणि डाव्या हाताची दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली होती. तिच्या आईने, गिरजाने, ते पाहिलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. जानेवारीत रीताच्या संघाची अंतिम मॅच चंद्रपूरला आहे असं इंदुताईंकडून कळलं, तेव्हा गिरजानेच मुखरूला त्यांच्यासोबत एसटीत बसवून दिलं.

"तिले म्हना, आता पुरे झालं," ती म्हणाली होती. "हापिसात खुर्ची हाय तिले. बसून काम कर म्हना. तीस वर्साची झाली. कोनाकोनाचा मार खाऊन राह्यली पोरगी?"

मुखरू "सांगतो" म्हणाला होता. एसटी मूल गावाला पोचेपर्यंत त्याने ते वाक्य मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं होतं.

मॅच सुरू व्हायच्या आधी रीता कठड्यापाशी धावत आली.

"जेवली का तू, पोरी?" त्याने विचारलं.

"खेळून झालं का जेवतो बाबा. तुमी नीट बसा," ती म्हणाली आणि परत गेली.

मैदानाच्या टोकाला लोखंडी चौकट होती आणि तिच्यासमोर अर्धगोल रेघ आखलेली. रीता चौकटीत जाऊन उभी राहिली. अंगात लांब बाह्यांचा सदरा, ढगळ पँट. हातांत मोजे नाहीत, दोन बोटांना तेवढी पट्टी.

"त्या सहा मीटरच्या रेघेच्या आत दुसऱ्या कोणाला पाय टेकवता येत नाही," इंदुताईंनी सांगितलं. "चेंडू फेकायचा तर उडी मारून, हवेतूनच फेकायचा. आत फक्त रीता."

"एकटीच?"

"एकटीच."

शिटी झाली. समोरच्या पोरी धावत येत, रेघेपाशी उसळत आणि चार-पाच पावलांवरून सगळ्या अंगाचं बळ लावून चेंडू तिच्याकडे फेकत. पहिली दहा मिनिटं मुखरू खालीच पाहत राहिला. चेंडू अंगावर आदळल्याचा आवाज तेवढा ऐकू येई. मग एकदा साऱ्या हॉलने एकदम श्वास घेतला, म्हणून त्याने मान वर केली. रीता फरशीवर पडली होती. चेंडू तिच्या तोंडावर बसला होता.

तो उभा राहिला. इंदुताईंनी त्याचं मनगट धरलं.

"बसा भाऊ. बघा तिच्याकडे."

रीता उठली. बाहीने नाक पुसलं, बाहीवर लागलेलं रक्त पाहिलं आणि हात वर करून पंचाला खूण केली, चालू द्या. चेंडू फेकणारी पोर रडवेली होऊन उभी होती. रीताने तिलाही मानेने सांगितलं, जा, खेळ.

त्यानंतर मुखरूने नजर काढली नाही. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ती चेंडूकडे पाहतच नाही. चेंडू हातातून सुटायच्या आधीच ती तिथे पोचलेली असते.

"बाई, तिले कसं समजते?"

"खांद्यावरून. समोरचीचा खांदा वळला की तिला कळतं."

 पाण्यावरचा एक बुडबुडा पाहून मरळ मासा कुठे वर येईल हे मुखरू सांगू शकत असे; त्यासाठी त्याची चाळीस वर्षं गेली होती. पण पाणी संथ असतं. मासळी फसवायला येत नाही. या पोरी डावीकडे दाखवत आणि उजवीकडे फेकत, आणि तरी ती तिथे असे.

शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा रेल्वेचा संघ एकाच गोलने पुढे होता. पंचाने सात मीटरचा थ्रो दिला. समोरच्या संघातली सगळ्यात उंच पोर चेंडू घेऊन उभी राहिली. बाकीच्या साऱ्या मागे सरल्या. रीता दोन पावलं पुढे आली, दोन्ही हात पसरले आणि थांबली.

पोरीने एकदा हात उगारला, फेकला नाही. दुसऱ्यांदा उगारला. रीता तसूभर हलली नाही. तिसऱ्यांदा चेंडू सुटला आणि रीताचा डावा पाय कानापर्यंत वर गेलेला मुखरूला दिसला. तो कधी उचलला, ते दिसलंच नाही. चेंडू पायाला लागून छताकडे उडाला.

शेवटची शिटी झाली आणि हॉल दणाणला. मुखरूच्या हातांनी टाळी वाजवली नाही. ते मांडीवर तसेच राहिले. ती उंच पोर डोळे पुसत आली, खाली वाकली आणि तिने रीताच्या गुडघ्याला हात लावला.

हॉल रिकामा झाल्यावर रीता लंगडत पायऱ्या चढून आली. तिच्या नाकात कापूस होता. दोन पायऱ्या खाली उभी राहून ती बोटांची पट्टी सोडू लागली.

"आईनं काय सांगून धाडलं ते मले माहीत हाय, बाबा," ती म्हणाली. "मीपन तोच इचार करून राह्यली. गुडघा आता ऐकत नाई. अजून एक वर्स होईन, नाई तं नाई. तुमी म्हनाल तसं. सोडू का?"

मुखरूने तोंड उघडलं. गिरजाचं वाक्य त्याच्याजवळ होतं.

"मले काऊन इचारता, बाई?" तो म्हणाला. "तुमाले समजते ना."

रीताची बोटं थांबली. तिने बापाकडे पाहिलं. इंदुताईंनी नजर रिकाम्या मैदानाकडे वळवली. आपण लेकीशी कसं बोललो याचा मुखरूला पत्ताही नव्हता. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, शेजारची पायरी झटकली आणि थोडा बाजूला सरकला.

"बसा," तो म्हणाला.