थाळ्यावरचा हळदीचा डाग

थांबा, तो पिवळा डाग घासू नका. त्याच्यापायी आधीच बरेच हात दमलेत. मी एक निळा-पांढरा थाळा बोलतोय. दिसतो चिनी, पण आहे इराणी.

साडेतीनशे वर्षांपूर्वी किरमानच्या एका कुंभाराने मला घडवलं. चिनी भांड्यांचं तेव्हा सगळ्यांना वेड, आणि तिकडची माती आमच्याकडे नाही. मग त्याने गारगोटीची आणि काचेची पूड करून तीत थोडी पांढरी माती मळली, वरून झिलई दिली. निळा रंग मात्र घरचा; एकेकाळी तो आमच्याकडूनच चीनला जायचा. समोरच्या चिनी बशीवरचा करकोचा त्याने माझ्यावर उतरवला, पण घाईत त्याची कोंबडी झाली. तरी लोक मला चिनी समजत, आणि मीही समजू देत असे. तोरा होता माझा.

पुढे मी तेहरानच्या मिसेस मोहसेनींच्या आईकडे आलो, आणि मग मिसेस मोहसेनींच्या सामानातून लंडनच्या स्टॅनमोर भागात. त्यांनी मला कधी कपाटात कोंडलं नाही. भांडं वापरायलाच असतं, म्हणायच्या. २००६ च्या नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, त्यांनी माझ्यात तांदळाची बिस्किटं रचून शेजारच्या वीणाकडे पाठवली. वीणा मूळची नागपूरची, इथे बँकेत नोकरीला.

शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही वीणाची शिस्त. पाडवा उलटून गेला तरी काय भरून द्यावं ते ठरेना. शेवटी लिंबाच्या लोणच्यावर गाडी थांबली. चिनी मातीच्या बरणीत लोणचं वर्षभर राहतं, तेव्हा मलाही काही होणार नाही, असा तिचा समज. फोडी, मीठ, हळद, तिखट तिने माझ्यातच कालवलं आणि चार दिवस मुरत ठेवलं.

माझी झिलई जागोजाग तडकलेली. हळद सरळ आत शिरली. लोणचं काढलं तर कोंबडीच्या पोटावर तळहाताएवढा डाग! वीणाने साबण लावला, सोडा लावला, मग ब्लीचची बाटली काढली. तेवढ्यात तिची लेक ईशिता आली. ती तेव्हा युनिव्हर्सिटीत कलेचा इतिहास शिकत होती.

"मम्मा, नो ब्लीच! हा प्लेट चायना नाहीये. इट्स पर्शियन. आत स्पंजसारखा आहे, सगळं सोक करतो."

"अगं, पण मिसेस मोहसेनी शनिवारी मुलाकडे मिल्टन कीन्सला चालल्यात, कायमच्या. आईची आठवण आहे गं त्यांची ही. काय तोंड दाखवू मी?"

"जस्ट टेल हर, मम्मा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडेतीनशे वर्षांचं सोंग माझं, आणि रडत होती ही भली बाई.

शनिवारी सकाळी शेजारी व्हॅन लागली होती. वीणा मला घेऊन गेली. लोणचं काचेच्या बरणीत, बरणी माझ्यात. "मिसेस मोहसेनी, तुमचा थाळा खराब केला मी. फार चुकलं माझं," ती एका दमात म्हणाली.

बाईंनी बरणी बाजूला ठेवून मला उलटं केलं. काठापाशी माझ्या पाठीला पितळेचे तीन टाके आहेत. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याच्या हातून हा पडला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नव्हते. आता ते नाहीत, आणि थाळा हातात घेतला की माझं बोट आधी या टाक्यांवर जातं." मग मला सरळ करून त्यांनी डागावर अंगठा ठेवला. "ही जागा तुझी."

वीणाला तिथेच हुंदका फुटला.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मिल्टन कीन्सच्या या घरात तुम्ही सूनबाई, हाताच्या स्वच्छ. डाग दिसला की तुम्हाला चैन पडत नाही, हे मला कळतं. पण सासूबाईंची नजर आता अधू झाली आहे. टाके त्यांच्या बोटांना लागतात, डाग लागत नाही. म्हणून तर त्या रोज जेवताना तुम्हाला विचारतात, "वीणाचा डाग आहे ना गं अजून?"

घासू नका. तुम्हाला खरं बोलून हो म्हणता आलं पाहिजे.