मामाचं लग्न

मुलांनो, कल्पना करा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात. आई म्हणते, "चल, राजधानीत, बिश्केकला मामाचं लग्न आहे." तुम्ही नवा झगा घालता, आणि गाडी थांबते ती दवाखान्याच्या दारात.

नारीनकडच्या खेड्यातल्या ऐजार्किन नावाच्या मुलीचं असंच झालं. त्या दवाखान्यातल्या मुलांना मी शिकवते. पहिल्याच दिवशी तिची आई गुलबारा माझा हात धरून म्हणाली, "एजे, ताई, तिच्यासमोर आजाराचं नाव घेऊ नका. नाव घेतलं की आजार घट्ट धरतो." आमच्याकडे याला नुसतं 'वाईट दुखणं' म्हणतात, तेही पोरांना बाहेर पाठवून. मी मान डोलावली. पोरीला म्हटलं, "रक्त जरा थकलंय तुझं. दोन आठवड्यांत घरी."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. खेड्यातल्या पोरीला रशियन कुठून कळणार, म्हणून गुलबाराने तिला बाहेर धाडलंच नाही. खाटेपाशीच रशियनमध्ये बोलणं झालं : रक्ताचा कर्करोग, दोन वर्षं औषधं, केस गळतील. ऐजार्किन भिंतीकडे बघत पडून होती. रशियन कार्टून बघतच वाढलेली पोर ती.

चौथ्या दिवशी तिने गोळ्या घ्यायचं नाकारलं.

"तोंड उघड गं, माझं कोकरू!" गुलबारा म्हणाली.

"लग्न झालं का, आपा? मटण कसं होतं?" तिने आईला विचारलं.

गुलबाराचा चेहरा उतरला. पोर माझ्याकडे वळली. "आणि एजे, दोन आठवडे ना? की दोन वर्षं? आपा घाबरट आहे. पण तुम्ही तर बाई आहात."

"चुकले मी."

"चुकले काय? ते काय आहे, ते सांगा."

मी कागदावर मेंढवाडा काढला. "हाडांच्या आत रक्त तयार होतं. तिथे काही कोकरं मोठी होतच नाहीत. नुसती गर्दी करतात, सगळा चारा खातात. औषध त्यांना हाकलतं. त्यात चांगलीही काही जातात, म्हणून केस गळतात."

"मी मरणार?"

"एजे, पुरे!" गुलबाराने कान झाकले.

"पुष्कळ मुलं बरी होतात," मी म्हटलं. "तू होशीलच, असं वचन नाही देणार. एकदा खोटं बोलले, तेवढं बास."

ऐजार्किनने आईचे हात कानांवरून काढले, तिला कागदासमोर बसवलं. "हिला पहिल्यापासून सांगा. हिलाही काही माहीत नाही."

मग आम्हा दोघींकडे पाठ करून ती खाटेच्या कडेला बसली, आणि गोळ्या घ्यायला हात मागे पसरला.