कोपऱ्यातला धावडा

संगिता पहिलटकरीण होती त्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, तिने पडवीच्या कोपऱ्यातल्या राशीतून धावड्याचा एक ओंडका ओढला आणि सासूने तिच्या मनगटावर फटका मारला.

फटका जोराचा नव्हता, पण बांगडी फुटली. बुधीबाईने काचा वेचून कुंपणापलीकडे टाकल्या, ओंडका होता तिथे परत ठेवला, वरची निळी ताडपत्री ओढून नीट केली आणि काही झालंच नाही अशा थाटात सुपातले तांदूळ निवडायला बसली.

गंजाडच्या त्या पाड्यात सगळीच घरं पावसाआधी लाकूड भरून ठेवत. पण दोन राशी फक्त बुधीबाईच्या घरी होत्या. एक चुलीची आणि दुसरी तिची स्वतःची. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा भर पावसात गेला. लाकूड ओलं होतं, चिता धरेना. शेवटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून डिझेल काढून ओतलं. तरी दोन दिवस ओढ्याकडून धूर येत राहिला आणि दोन दिवस ती ओट्यावर बसून तो बघत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तिने शेताच्या बांधावरचा वाळलेला धावडा पाडून घेतला, आठ मण ओंडके कोपऱ्यात रचले आणि मुलाला, नविनला, बजावलं, माझ्यावर डिझेल ओतायचं नाय. तेव्हापासून त्या राशीला कुणी हात लावला नव्हता.

बांगडी फुटली त्याच दुपारी तिघं वर्षाचं ठरवायला बसली. नविन वाणगावला गवंड्याच्या हाताखाली जाई, पाऊस लागला की ते काम बंद. म्हणून पुढच्या दिवाळीपर्यंतचं सगळं आताच बसवावं लागे. संगिता दहावी झालेली, वही तिच्याकडे. भात पुरणार होतं. मीठ, तेल, सुके बोंबील, बियाणं, दवाखान्याला जायला जीपचं भाडं, गॅसचे दोन सिलिंडर, असं तिने एकाखाली एक लिहिलं. लाकडाचा हिशेब बुधीबाईच्या तोंडावर होता. पावसाच्या चार महिन्यांना चाळीस मोळ्या.

संगिता म्हणाली की या वर्षी श्रावण दोनदा आहे, गौरी आणि दिवाळी महिनाभर उशिरा येणार. शिवाय घरात बाळंतीण असेल, तिसरा सिलिंडर हवा. आणि चुलीच्या राशीवरची ताडपत्री चाळणीसारखी झाली आहे, नवी आणायला हवी.

बुधीबाईने दोन्हीला नाही म्हटलं. ताडपत्री अजून एक पावसाळा काढील. सिलिंडर काय झाडाला लागतो? संगिता म्हणाली, मग कोपऱ्यातली चांगली ताडपत्री चुलीच्या लाकडावर घाला. मेल्यावर लागणाऱ्या लाकडाला पांघरूण आणि जिवंत माणसांच्या लाकडाला भोकं, हा कुठला न्याय?

"बाळंतपणाला पाणी किती लागतं ते तू मला शिकवते?" बुधीबाई म्हणाली. "सहा काढली मी."

"जगली किती?"

नविनने मान वर केली. त्याच्याशिवाय त्या घरात एकही मूल जगलं नव्हतं, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. बुधीबाई सूप उचलून आत गेली. संगिताने वहीतल्या ताडपत्रीवर आणि तिसऱ्या सिलिंडरवर काट मारली. पेन इतकं रुतलं की मागच्या पानापर्यंत भोक पडलं.

त्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतं राहिलं. भांडं आपटून ठेवायचं, बादली ढकलून द्यायची, एकमेकींसाठी निरोप नविनकडे द्यायचा. शेजारची चंपा मुद्दाम पडवीत डोकावून म्हणायची, "संगिते, सासूला तुझ्यापेक्षा त्या ओंडक्यांची माया जास्त गं." संगिता हसायची नाही. पोटाला हात लावून ती चुलीची रास भरत राहिली. चाळीस मोळ्या झाल्या, वर तीन. पुढे वाकणं जमेना.

मुलगी झाली ती पहिल्या श्रावणात, डहाणूच्या दवाखान्यात. पाचव्या दिवशी जीप त्यांना पाड्याच्या तोंडाशी सोडून गेली, तेव्हा पाऊस आठ दिवस थांबला नव्हता. घरात शिरताच संगिताला वास आला, कुजलेल्या सालीचा. पाणी ताडपत्रीच्या भोकांतून वरून आणि भिंतीकडून खालून, दोन्हीकडून राशीत शिरलं होतं. दुसरा सिलिंडर नविनने तिच्या मागे संपवला होता, दवाखान्यात भात-पेज पोचवता पोचवता. काम बंद, हातात पैसा नाही. वहीत जे जे काटलं होतं ते ते आता अंगावर येत होतं.

तिने चूल पेटवली. धूर झाला, जाळ होईना. फुंकणीने फुंकून डोळे सुजले. पाणी तापायच्या आधीच लाकूड विझायचं. लेकीचे तळवे गार होते, आणि धुराने ती खोकत होती, एवढ्याशा जिवाला न शोभणारा खोकला. बाळाला कोमट पाण्यात फडकं भिजवून नुसतं पुसलं. नविन कुणाकडे सुकं लाकूड मिळतं का बघायला गेला आणि चार काटक्या घेऊन आला. आपल्या राशीतलं द्यायला कुणाची छाती होणार? ज्याचं त्याला मोजून होतं.

बुधीबाई ओट्यावर बसली होती. कौलांतून निघणारा धूर पावसाने दबून खाली येत होता. ती नुसती त्याच्याकडे बघत होती. ते बघून संगिताचं डोकं अधिकच फिरलं. उद्या ओंडका काढायचा, तिने ठरवलं. म्हातारीने हात मोडला तरी चालेल. दुसऱ्या हाताने काढायचा.

सकाळी तिला जाग आली ती कुऱ्हाडीच्या आवाजाने.

पडवीत निळी ताडपत्री बाजूला टाकलेली होती. बुधीबाई ओंडका पायाखाली धरून फोडत होती आणि शिव्या देत होती. पावसाला, नविनला, सिलिंडर आणणाऱ्या टेम्पोला, त्या ओंडक्याच्या गाठीला. चुलीवर हंडा होता. धूर नव्हता. धावड्याचा जाळ सरळ आणि निळसर उभा होता.

संगिता दारात थांबली.

"बघते काय?" बुधीबाई मान वर न करता म्हणाली. "पोरीला आण. आणि तेल कोमट कर, तेवढं तरी येतं ना?"

म्हातारीने पाय पसरून नात पायांवर घेतली आणि मालीश करून तिला न्हाऊ घातलं. पोर रडली, मग लाल झाली, मग झोपली.

रोज एक ओंडका. आणि रोज बुधीबाईचा राग चढत गेला. संगिताने जाळ मोठा केला की ती लाकूड मागे ओढायची. भात शिजला की निखाऱ्यांवर पाणी मारून कोळसे वेगळे काढायची आणि रात्री शेगडीत पेटवून बाळंतिणीच्या खाटेखाली सरकवायची. चंपाने एकदा डोकावून विचारलं की रास कुठे गेली, तर तिने चंपालाच विचारलं, तुझ्या घरी काम नाय का? नविनने एका संध्याकाळी तिच्याजवळ बसून हळूच म्हटलं, "आये, तुझं लाकूड..."

"मग काय करू? आता दिवाळीपर्यंत मरायची सोय नाय राहिली, एवढंच."

संगिता आत पोरीला पाजत होती. तिने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी जेवायला वाढताना तिने बोंबलाचा मोठा तुकडा सासूच्या ताटात टाकला. बुधीबाईने तो परत तिच्या ताटात टाकला, दूध कुठून येईल म्हणून खेकसली.

दुसऱ्या श्रावणात पाऊस एकदम आटला. तोवर कोपऱ्यात नुसती जमीन उरली होती, सालींचा भुगा आणि ओंडक्यांचे ठसे.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. थंडीत संगिता लेकीला, मयुराला, पाठीशी बांधून बायकांबरोबर रानात जाऊ लागली. पहिली मोळी तिने आणली आणि सरळ कोपऱ्यात नेऊन टाकली.

"तिकडं कशाला?" बुधीबाई ओट्यावरून ओरडली. "आधी चुलीचं बघ. गेल्या पावसात कळलं नाय का?"

"कळलं," संगिता म्हणाली आणि दोर सोडून पुन्हा निघाली.

एक मोळी चुलीला, एक कोपऱ्याला. बुधीबाई रोज त्यावरून भांडे. पण कोपऱ्यात वेडंवाकडं पडलेलं लाकूड ती स्वतः उठून, जाड एका बाजूला नि बारीक एका बाजूला, रचून ठेवी. माघ सरेपर्यंत रास कंबरेला आली. पावसाला अजून तीन महिने होते आणि वहीच्या नव्या पानावर संगिताने आधीच लिहून ठेवलं होतं, ताडपत्री, दोन नग.

त्या दिवशी पाड्यातल्या प्रत्येक घराने चितेसाठी एकेक ओंडका आणला. सगळे वाळलेले, हलके, आपटले की खणखण वाजणारे. चंपाचा नवरा नविनला म्हणाला की एवढं पुरतं, घरातलं राहू दे, पावसाला कामाला येईल. संगिता पडवीत कोपऱ्यापुढे उभी होती.

"तिचं तिला द्या," ती म्हणाली. "सगळं."

माणसं थांबली. तिच्या आवाजात बुधीबाईचा आवाज होता, आणि त्यापुढे बोलायची कुणाला सवय नव्हती. त्यांनी ताडपत्री काढली आणि रास उचलायला सुरुवात केली.

बुधीबाई दोन हजार चोवीसच्या फाल्गुनात, होळीच्या आदल्या दिवशी, भर उन्हात गेली.