न मळलेलं पीठ

"मावशी, परत मळलंत ना पीठ?"

सुप्रियाने विचारलं आणि सुरी ॲपल पायच्या कडेत दाबली. सुरी आत गेली नाही, ताटलीच पुढे सरकली. मोतीबाईने ताटली धरून ठेवली. मळलं होतं हे खरंच होतं, फक्त कधी मळलं ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

कळंबच्या या बंगल्यावर ती एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. म्हातारे मालक होते तोवर तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं यावर सगळे खूश असत. आता त्यांच्या सुनेने, म्हणजे सुप्रियाने, बंगला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला काढला होता. आणि पाहुण्यांना म्हणे चहासोबत ॲपल कस्टर्ड पाय हवा. मोबाइलवरच्या बाईने तो अगदी सोपा म्हणून सांगितला होता. सोपा म्हणे! त्या बाईला एकदा इथे आणून ओट्यापाशी उभी करावी, असं मोतीबाईला वाटे.

थंड लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी नुसतं चुरायचं, मळायचं नाही. लाटून ताटलीत बसवायचं, वर सफरचंदाच्या फोडी, त्यावर अंडी, दूध, साखर फेटून ओतायची आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. एवढंच. पण मोतीबाईचा जन्म तांदळाच्या पिठात गेला होता. ते उकळत्या पाण्यात घालायचं आणि चटके सोसत तळहाताने रगडायचं. नाही रगडलं तर भाकरीच्या कडा फाटतात आणि सासू चार बायकांत आईबापांचा उद्धार करते. चाळीस वर्षांचा हात तो. पीठ दिसलं की रगडणारच.

"मळल्याबिगर पीठ धरतंय कसं, ताई?" पहिला पाय वाया गेला तेव्हा मंगळवारी तिने विचारलं होतं.

"ते फार धरायचंच नसतं, मावशी."

बुधवारी पीठ जमलं, तर मधेच लाइट गेली आणि कस्टर्डचं पाणीच राहिलं. लाइटीचं बोलणंही मोतीबाईनेच खाल्लं. शुक्रवारी सुप्रियाने स्पष्ट सांगितलं, की शनिवारी जमलं नाही तर कर्जतची हर्षला येईल, तिने बेकिंगचा कोर्स केलाय. तुम्ही मग धुणीभांडी बघा. मोतीबाईला धुण्याभांड्यांची लाज नव्हती. पण शेगडी हातातून गेली की या घरात आपण कोण, हे तिला कळेना.

आणि आज शनिवारी हा असा दगड झाला होता.

सुप्रियाने गाडी काढली आणि दुपारी बेकरीतून तयार पाय घेऊन आली. खोक्यातून काढून तो काचेच्या ताटात ठेवला. पाहुण्यांनी विचारलं तर तुम्हीच केलाय म्हणा, एवढं करा माझ्यासाठी, म्हणाली. मोतीबाईने मान हलवली. काम टिकत असेल तर आपलं काय जातं, असं तिला वाटलं.

चार वाजता व्हरांड्यातून हाक आली. एकोणीस वर्षांत कुणा पाहुण्याने तिला बाहेर बोलावलं नव्हतं. ती पदराला हात पुसत गेली. एक मुलगी म्हणाली, काय चव आहे मावशी तुमच्या हाताला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोतीबाईला राग आला. असा राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. बिरड्याचे वाल एकेक सोलताना नखं दुखायची, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"माजा नाय तो," ती म्हणाली. "इकत आणलेला हाय."

सुप्रियाने मान फिरवली. ती मुलगी मात्र हसली. "असू दे हो मावशी. ताट धरा जरा हातात, फोटो छान येईल."

मोतीबाईने ताट उचललं. क्षणभर धरलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"जेनं केलाय त्याचा काडा फोटू," म्हणाली आणि आत आली.

मागोमाग सुप्रिया येऊन दारात उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "पुढच्या शनिवारपासून हर्षला येईल, मावशी."

"बरं."

 मग मोतीबाईने फळीवरचा टोप खाली घेतला.

"राती जेवाया किती माणसं हायेत?"

"बारा," सुप्रिया म्हणाली.

मोतीबाईने बारा जणांच्या भाकऱ्यांपुरतं पाणी टोपात ओतलं आणि शेगडी पेटवली.