मागच्या बाकावरचा रेडिओ

सकाळपासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मानच सोडलं होतं: मधल्या सुट्टीत प्रत्येक वर्गातून एक नाव हवं, सगळ्यात हुशार मुलाचं. ते मूल सोमवारपासून रस्त्यापलीकडच्या इमारतीत, विशेष वर्गात जाणार. तिथे दुर्बीण होती, प्रयोगाची टेबलं होती, आणि प्रश्न विचारला म्हणून कुणी डोळे वटारत नव्हतं. पण नाव एकच! जणू देवाने हुशारी दर वर्गाला एक अशी मोजूनच पाठवलीय.

तसं बाईंचं नाव ठरलेलं होतं. पहिल्या बाकावरची, डॉक्टरीणबाईंची लेक. चुरूचुरू बोलायची, हात कायम वर.

डोक्याला ताप होता तो मागच्या बाकाचा. तिथे बसायची ‘रेडिओ’. हे नाव पोरांनीच ठेवलेलं, कारण ही बया सदा पुटपुटत असायची. आई एका मुलखातली, वडील दुसऱ्या मुलखातले, आणि लहानपण गेलं तिसरीच भाषा बोलणाऱ्या शेजारच्या मावशींकडे. शाळेची भाषा चौथी, ती अजून वाचताना अडखळायची. पेपरात जेमतेम पास. बाईंनी तिला कच्च्या मुलांत टाकून केव्हाच हात झटकले होते. दिवसभर त्यांचं एकच पालुपद: “मागे कोण बोलतंय?”

गंमत म्हणजे, यंदा तोच मागचा बाक सुधारला होता. तिथली तीन नवी पोरं, शाळेची भाषा धड न कळणारी, पटापट गणितं सोडवायला लागली होती. मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर बाईंची पाठ थोपटली होती. आणि बाईंनी, खोटं कशाला बोला, घरी आईला ते पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं.

आज मात्र बाईंचं डोकं फिरलं. “ऊठ! इथे माझ्यासमोर बस,” म्हणत त्यांनी रेडिओला पुढे आणलं आणि फळ्यावर गणित घातलं. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो; टाकी कधी भरेल?

मागचा बाक ढिम्म. बाईंनी तेच वाक्य मोठ्याने सांगितलं. मग आणखी मोठ्याने. अहो, पोरं काही बहिरी नव्हती! इकडे रेडिओची नुसती चुळबुळ. सारखी मान मागे.

“जा बाई, जा एकदाची!” बाई करवादल्या.

ती धावलीच. बाई फळ्याकडे वळणार होत्या, पण कोण जाणे का, बघत राहिल्या. एकाचे वडील बस चालवायचे. त्याच्यासाठी तिने वहीवर बस काढली. पुढच्या दाराने माणसं चढवली, मागच्या दाराने उतरवली. दुसऱ्या मुलीच्या कंपासपेटीत एका हाताने पेन्सिली टाकल्या, दुसऱ्या हाताने काढल्या. तिसऱ्याला बाकाभोवती चालायला लावलं, चार पावलं पुढे, एक मागे. भाषा प्रत्येकाशी वेगळी. बाईंना शब्द कळत नव्हते, हात कळत होते. ही काही फळ्यावरचं नुसतं सांगत नव्हती. ही प्रत्येकाला त्याचं त्याचं गणित रचून देत होती, उभ्या उभ्या!

तिघांचीही उत्तरं बरोबर आली. आपण हिलाच गप्प बस म्हणत होतो?

आणि मग दुसरा विचार आला, तो जास्त वाईट. ही गेली तर मागचा बाक पुन्हा ढिम्म होणार. ती शाबासकी आपली नव्हतीच, हे सगळ्या शाळेला कळणार. डॉक्टरीणबाईंच्या लेकीचं नाव दिलं तर कोण विचारतंय? मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाई जिना चढल्या, अर्ध्यातून उतरल्या, पुन्हा चढल्या. लाज वाटत होती आणि भीतीही.

मोठ्या बाईंनी नाव ऐकून चष्मा काढला. “ती? अहो, शुद्धीवर आहात ना? तिला धड वाचता येत नाही.”

“तिला चार भाषांत विचार करता येतो. आपण एकीतच तपासतोय. खाली चला आणि स्वतः बघा.”

सुट्टी संपल्यावर मोठ्या बाई आल्या, रेडिओ मागच्या बाकाला नवं गणित समजावत होती ते दाराशी उभं राहून बघितलं. जाताना म्हणाल्या, “पाठवा तिला. पण तुमच्या मागच्या बाकाचं काय हो?”

बाईंनी रेडिओला बातमी सांगितली. पोरीचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला.

“मग ह्यांना कोण सांगणार?”

“मी.”

“तुम्हाला येतं?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या.

रेडिओने क्षणभर त्यांना निरखलं, मग बाकावर सरकून जागा केली. “बसा. आधी हा. ह्याला बसमधलं सांगितलं की कळतं. माझ्यामागून म्हणा.”

बाई त्या इवल्याशा बाकात कशाबशा मावल्या. तिच्यामागून एकेक शब्द पुटपुटू लागल्या, चुकू लागल्या. बसवाल्याचा पोरगा खो-खो हसला आणि त्यानेच शब्द सुधारून दिला.

पहिल्या बाकावरून तक्रार आली, “बाई, मागे कोणीतरी बोलतंय!”

“मी बोलतेय,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा तोच शब्द म्हणू लागल्या.