धारेवरचे दोन दिवस

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या आईने खास माझ्यासाठी राखून ठेवली होती. म्हणून आधीच सांगून टाकतो, त्या डोंगराचा काही दोष नव्हता. वाट चांगली होती, हवा चांगली होती, आणि गाईड तर इतकी चांगली होती की तिच्यावर धड रागावताही आलं नाही. चुकलो मी, आणि तेही डोंगरावर पाय ठेवायच्या महिनाभर आधी, ग्योतोकुच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलापाशी बसून.

मी नंदकिशोर. इथे जपानात, तोयोसुच्या एका कंपनीत अकरा वर्षं सॉफ्टवेअरचं काम केलं. यंदा काँट्रॅक्ट संपलं आणि पुढचं मिळालं नाही. पुण्यात नोकरी ठरली, बारा ऑगस्टचं विमान ठरलं. प्रश्न होता तो नयना आणि मैत्रेयीचा. नयना माझी बायको. ती उरायासुच्या एका बालवाडीत शिकवते आणि आता तिचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नोकरीवर आहे. मैत्रेयी आमची मुलगी, सोळा वर्षांची. पाचव्या वर्षी इथे आली, आणि मी मराठीत काही विचारलं की उत्तर जपानीत देते. मी पुढे जाणार हे नक्की होतं. त्या दोघी मागून येणार की नाही, हे कुणी बोलत नव्हतं. जूनपासून मी विचारत होतो आणि नयना एकच सांगत होती, "ट्रिपहून आल्यावर बोलू."

ट्रिप माझीच कल्पना. मैत्रेयीला इटलीच्या आल्प्समध्ये जायचं होतं, वर्गातली कुणीतरी जाऊन आली होती आणि तिचे फोटो आमच्या घरी रोज जेवणात वाढले जायचे. मी म्हटलं, आल्प्स इथेही आहेत, नागानोत, बसने जाता येतं. गाईडबरोबर चार दिवस. पहिल्या दिवशी जंगलातली वाट आणि ओढ्यातून चढाई, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोंगरमाथ्याच्या उंच धारेवरून चालणं आणि वरच मुक्काम, चौथ्या दिवशी नदीत राफ्टिंग आणि मग घर. परतल्यावर दुसऱ्याच सकाळी मैत्रेयी शाळेच्या बँडच्या कॅम्पला जाणार होती आणि ती यायच्या आत माझं विमान होतं. म्हणजे जे काही घडवायचं ते या चार दिवसांतच. माझा बेत साधा होता. घरातला चिडका, मानेला पट्टा लावून लॅपटॉपसमोर बसलेला नंदकिशोर त्यांनी भरपूर पाहिला होता. गड चढणारा नंदकिशोर एकदा पाहिला की त्यांचं मन वळेल, असं मला मनापासून वाटत होतं.

फॉर्ममध्ये प्रत्येकाच्या चालण्याची श्रेणी लिहायची होती, एक ते चार. आमच्या घरात फॉर्म मी भरतो. सिटी हॉलचे, विम्याचे, शाळेचे, सगळे. सुरुवातीला जपानी फक्त मला वाचता यायचं, म्हणून. पुढे नयना माझ्यापेक्षा चांगलं वाचायला लागली, पण फॉर्म माझ्याकडेच राहिले.

मी स्वतःला तीन लिहिलं. चार लिहिणार होतो, पण म्हटलं थोडी नम्रता असावी. बाविसाव्या वर्षी मी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलोय, आणि सह्याद्रीत असलं काही केलेला माणूस ते विसरत नाही, दुसऱ्यालाही विसरू देत नाही. मध्ये पंचवीस वर्षं गेली आणि वजन अठरा किलो वाढलं, हे फॉर्ममध्ये कुणी विचारलं नव्हतं. मैत्रेयीला दोन लिहिलं. नयनाला एक, म्हणजे सपाटीवर चालू शकते. दोघी शेजारच्या खोलीत होत्या. मी विचारायला उठलो नाही.

गाईड किताझावा-सान पन्नाशीची बाई होती, कमी बोलणारी. आम्ही एकूण नऊ जण. इथली एक पद्धत आहे. सगळ्यांत पुढे गाईड, आणि तिच्या लगेच मागे सगळ्यांत कच्चा माणूस. त्याच्या पावलाने सगळी रांग चालते. आपल्याकडे कच्चा माणूस मागे रखडतो आणि बाकीचे वर झाडाखाली बसून त्याला हाका मारतात. फॉर्म पाहून किताझावा-सानने नयनाला आपल्या मागे घेतलं आणि मला शेवटी ठेवलं, कारण शेवटी भरवशाचा माणूस लागतो. मी काठी आपटत, छाती काढून निघालो. मैत्रेयीला गडावरच्या टाक्यांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली.

अर्ध्या तासात गोष्टी बंद पडल्या. पाऊण तासात माझा श्वास पुढच्यांना ऐकू जायला लागला. ओढ्यात दोराने चढताना पाय सटकला आणि गुडघा खडकावर आपटला. किताझावा-सानने वळून पाहिलं. जेवणानंतर रांग लागली तेव्हा हळूच म्हणाली, "नंदकिशोर-सान, तुम्ही जरा माझ्यामागे या."

याचा अर्थ सगळ्यांना कळला. नयना उठली आणि माझ्या जागी, शेवटी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, बूट नवे आहेत, चावतायत. उरलेली वाट मी गाईडच्या टाचांकडे बघत चाललो, आणि मागून मैत्रेयी आईशी बोलताना ऐकू येत होती. दोघींना बोलण्याइतका श्वास होता.

संध्याकाळी जेवणाआधी किताझावा-सान मुक्कामाच्या सराईतल्या आमच्या खोलीत आली आणि गुडघे टेकून बसली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "फॉर्म वाचल्यावर मी फोन करून विचारायला हवं होतं. धारेवर साखळ्या धरून जायच्या तीन जागा आहेत. उद्या तुम्हाला वर नेता येणार नाही. दुसरा एक गट रोपवेने पठारावर जातोय. लाकडी वाटेवरून चालायचं, गरम झऱ्यांच्या ओन्सेन गावी मुक्काम. तिथे तुम्हाला बरं वाटेल." आणि तिने वाकून माफी मागितली.

नकार देणारा माणूस माफी मागायला लागला की भांडायचं कुणाशी? मी म्हटलं, ठीक आहे, मग आम्ही तिघंही खालीच थांबतो.

"मी वर जाणार आहे," नयना म्हणाली.

मला हसूच आलं. "अगं, तुला तर एक श्रेणी आहे."

"ती तू लिहिलीस. तीन वर्षं झाली, महिन्यातले दोन शनिवार मी ताकाओच्या डोंगरावर जाते, बालवाडीतल्या बायकांबरोबर. मेमध्ये तर ताकाओच्या पुढचे दोन डोंगर पण केले आम्ही."

"तिथे तुम्ही सोबा खायला जाता ना?"

"डोंगर चढून खातो. तुला सांगितलं होतं. फोटो पण पाठवलेत."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मला उलट बोलता आलं असतं. फोटो आले होते हे खरं, मी अंगठा पाठवला होता हेही खरं. बायका दुपारी कुठेतरी टेकडीवर जाऊन नूडल्स खातात, एवढंच मी धरून चाललो होतो.

किताझावा-सान गेल्यावर मैत्रेयीने कानातला हेडफोन काढला. "बाबा," ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "मी थांबू खाली? तुझ्याबरोबर?"

मला तेव्हा दुसऱ्या कशापेक्षा अपमान झाल्यासारखं वाटत होतं. "कशाला? तुम्ही दोघी जा. माझी कीव नको करायला कुणी."

"नंदू, ती थांबते म्हणतेय," नयना म्हणाली. "नीट विचार कर."

"त्यात विचार काय करायचा? जाऊ दे तिला."

खरं सांगतो, मी रुसलो होतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी, जपानी सराईत, गुडघ्यावर बर्फ ठेवून रुसलो होतो. मैत्रेयीने जपानीत "बरं" म्हणून हेडफोन परत घातला.

पुढचे दोन दिवस मी सैतामाच्या एका निवृत्त जोडप्याबरोबर पठारावरच्या लाकडी वाटेवर काढले. त्यातले ओगुरा-सान मला प्रत्येक रानफुलाचं नाव सांगत आणि मी प्रत्येक नावाला मान डोलावत असे. रोपवेच्या वरच्या स्टेशनावर दुर्बीण होती. तिच्यातून समोरची धार दिसायची, आणि धारेवर रंगीत ठिपक्यांची रांग. माझ्या दोघी कुठल्या ते ओळखता आलं नाही. तिथे फोन लागत नव्हता. मी ओन्सेनच्या गरम पाण्यात सुजलेला गुडघा बुडवून बसायचो आणि बसच्या प्रवासात काय बोलायचं याची तालीम करायचो. बाणेरला फ्लॅट घेऊ, नयनाला पुण्यात दहा शाळा मिळतील, मैत्रेयीला जपानी येतं म्हणून तिच्यापुढे लोक रांग लावतील. घरात आवाज चढवणार नाही. फॉर्म तू भर. हे शेवटचं तर मला फारच आवडलं, मी ते दोनतीनदा पुटपुटून पाहिलं. भीती वाटत होती, ती पाण्यात बसूनही गेली नाही. पण मी मनाला सांगितलं, आनंदात खाली उतरलेली माणसं नाही म्हणत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी उतरल्या, उन्हाने लाल झालेल्या, एकमेकींचं वाक्य पूर्ण करत. साखळीपाशी मैत्रेयी रडली होती आणि मग चढली होती. हे मला तिच्याकडून नाही, नयनाकडून कळलं. चौथ्या दिवशी राफ्टमध्ये मी पुढे बसलो, मैत्रेयी माझ्या मागे. पाणी अंगावर आदळलं की ती माझ्या जॅकेटचा पट्टा धरून ओरडायची आणि मी मुद्दाम वल्हं चुकवायचो. दीड तास तो खेळ चालला. इतकी हसताना मी तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं.

बसमध्ये मैत्रेयी पलीकडच्या रांगेत एकटीच बसली, शेजारच्या सीटवर बॅगा ठेवून, आणि डोंगर मागे पडायच्या आत झोपली. मी नयनाला म्हणालो, "आता बोलू या?"

नयनाने खिडकीचा पडदा ओढला. "आम्ही येणार नाही आहोत, नंदू."

मी घाईने म्हणालो, "मी काय म्हणतो ते ऐकून तरी घे."

"ऐकते. पण जूनमध्येच ठरलंय."

"जूनमध्ये? मग ट्रिपनंतर बोलू, ट्रिपनंतर बोलू, हे काय चाललं होतं?"

"आधी सांगितलं असतं तर तू रोज भांडला असतास, आणि ट्रिप पण झाली नसती. मला वाटलं, तू जायच्या आधी तिला चार दिवस मिळावेत तुझ्याबरोबर. बिनभांडणाचे."

"तिला माहीत होतं?"

"तिनेच आधी सांगितलं मला. मी नाही जाणार म्हणाली. मग मी माझं ठरवलं."

"आणि आपलं?"

"आपलं कसं चाललंय, तुला माहीत आहे," नयना म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

मला राग आला. तो नेहमी येतो तसाच आला, पण या खेपेला टिकला नाही. "मग सराईत का नाही सांगितलंस मला?" मी म्हणालो. "मी ठेवून घेतलं असतं तिला."

"काय सांगायचं होतं? ती स्वतः म्हणाली ना, थांबते म्हणून. मी पण म्हटलं, विचार कर. त्याहून जास्त सांगायला लागावं का रे?"

मला चार दिवस दिले होते. त्यातले दोन मी ओगुरा-सानबरोबर फुलांची नावं ऐकण्यात घालवले, आणि तेही स्वतःहून.

मी उठून पलीकडे गेलो. बॅगा खाली ठेवल्या आणि मैत्रेयीच्या शेजारी बसलो. तिच्या तळहातांवर साखळीने सोललेलं होतं, दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. उद्या सकाळी ती कॅम्पला निघणार होती. तिला उठवावं असं फार वाटलं. पण उठवून बोललो काय असतो? तिने झोपेतच कूस बदलली आणि डोकं खिडकीला टेकवलं. बसचा शेवटचा थांबा, शिंजुकू, यायला अजून दीड तास होता.