काचेमागची जागा

त्या रविवारीही आमच्या टाकोच्या दुकानापुढची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. आई नेहमीसारखी रस्त्याकडच्या काचेमागे उभी राहून मैद्याची पोळी हातांवर ओढत होती. आधी मनगटापर्यंत, मग कोपराच्याही वर. इतकी पातळ की पलीकडचा दिवा दिसावा. ओढून झाली की ती उलट्या कढईवर टाकायची. बाहेर माणसं फोन उंच धरून उभी होती. कुणीतरी काचेवर टकटक केली.

"कुका, जरा हस की!" पपा शेगडीवरून ओरडले. "लोकांना वाटेल, मी तुला कोंडून ठेवलंय."

"वाटू दे. खरं तेच वाटेल."

वाढपी हसले. पपा सगळ्यांत मोठ्यानं हसले.

रविवारी माझ्या शाळेला सुट्टी, म्हणून मी गल्ल्यावर बसायचे. गर्दी ओसरल्यावर आई शेजारी येऊन बसली आणि भाजलेल्या हातांवर मलम चोळू लागली.

"गावाहून ओबदुलियाचा फोन होता," ती पपांना म्हणाली. "चिल्तेपीन लाल झालीय. सगळे डोंगरात निघालेत."

चिल्तेपीन म्हणजे मिरीएवढी रानमिरची. आईच्या गावी, उत्तरेकडच्या सोनोरातल्या बानामिचीत, ती वेचायला घरंच्या घरं बाहेर पडतात.

"या वेळी मी जाऊन येते, फेर्मीन. आठवडाभर."

"डिसेंबर उरकू दे, राणी. मग हवी तेवढी राहा."

"कुठल्या सालचा डिसेंबर?"

"अगं, अख्खं सोनोरा आणलंय ना मी इथं मेक्सिको सिटीत! कोळसा तिकडचा, पीठ तिकडचं, गाय तिकडची."

"मीही तिकडचीच," आई म्हणाली आणि उठून पुन्हा काचेमागे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. मेंदूतली शीर फुटली होती. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहन झालं. मग कॅथलिक रिवाजाप्रमाणे नऊ दिवस घरी जपमाळेची प्रार्थना झाली. ओबदुलिया मावशी सोनोराहून बसनं आली होती, पाय सुजवून घेत. बानामिचीच्या दफनभूमीत आजीच्या शेजारची जागा रिकामी आहे, रक्षा तिथं नेऊ, असं ती रोज म्हणायची. पपा मान हलवायचे. तिनं तो होकार धरला. मीही.

मग दुकान उघडलं. मावशीला घेऊन मी तिथं गेले, तर रक्षेचा कलश काचेमागे होता. नवी फळी ठोकली होती. वर आईचा फोटो, खाली रंगीत अक्षरांत 'आमची राणी'. शेजारी एक नवी मुलगी आईचा एप्रन बांधून पोळी ओढत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे फोन फळीकडे वळले होते.

"पपा, हे काय?"

"काय म्हणजे? तिचीच जागा आहे ती. सकाळपासून दोन बायका रडल्या, पोरी."

"मग?"

"मग काय, जेवून गेल्या."

मावशी दारातच थांबली. तिनं डोक्यावरून शाल ओढून घेतली.

"मावशी आईला न्यायला आलीय. तुम्ही हो म्हणाला होतात."

"तुझ्या मावशीला गावाचं खूळ आहे. कुका इथं जन्मभर उभी राहिली. कधी कुरकुर केली तिनं? तूच सांग!" रांगेतली माणसं आत डोकावू लागली, तसा पपांनी त्यांच्याकडे बघून छातीवर हात ठेवला.

मोठी झाल्यापासून मी एक वाक्य गिळत आले होते. ते बोललं तर घर टिकणार नाही, असं वाटायचं. आता टिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्या मुलीला बाजूला व्हायला सांगितलं, आत गेले आणि कलश उचलला. तो गरम झाला होता, कढईच्या धगीनं.

"खाली ठेव. लोक बघताहेत."

"तिला इथं राहायचंच नव्हतं, पपा," मी म्हणाले. "या दुकानातही नाही आणि तुमच्याजवळही नाही. आणि तुम्हाला ते ठाऊक होतं."